प्रुइटसाहेबांची कालव्यावरची चौकशी

“मला नुसती फाइल हुंगायला द्या,” हार्लन प्रुइट प्रवेश विभागात सगळ्यांना सांगायचे, “कुणी पैसे चारले असतील तर मला बरोब्बर वास येतो!”

आदल्या वर्षी देशभर बोभाटा झाला होता. बड्या घरची पोरं खेळाडू म्हणून कॉलेजांत घुसली होती, आणि त्यातल्या निम्म्यांनी चेंडू फक्त टीव्हीवर पाहिला होता! त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या या कॉलेजानेही पडताळणी अधिकारी नेमला. प्रुइट. त्याआधी बावीस वर्षं ते कॉलेजात पार्किंगचे परवाने तपासत. माणसावर विश्वास ठेवायची सवय तिथेच सुटली होती.

त्या सोमवारी नताल्या तोश्तेची फाइल आली. खेळ : नौकानयन. गाव : आत सेंट्रल व्हॅलीत, माणसांपेक्षा गाई जास्त. नदी नाही, तळं नाही. फोटोत एक मुलगी अरुंद होडीत बसलेली आणि मागे एक गाय तिच्याकडे बघतेय. गाय अगदी खरी वाटत होती, म्हणून तर साहेबांचा संशय बळावला! प्रशिक्षक म्हणून सही कुणाची? फिलोमेना तोश्ते. आडनाव तेच! आणि मुलीच्या वेळा इतक्या उत्तम, की नौकानयनाच्या कोचबाई फाइल छातीशी धरून नाचत होत्या.

“एवढा आनंद कशाचा?” प्रुइटनी डोळे बारीक केले. “कुणी दिला?”

त्याच सकाळी आणखी एक फाइल आली होती. कॉलेजच्या व्यायामशाळेवर ज्यांचं नाव कोरलंय, त्यांच्या नातवाची. तिच्यावर साहेबांनी न उघडताच शिक्का मारला. घरचाच मुलगा!

फाइलवर शेरा द्यायचा शुक्रवार शेवटचा दिवस होता. गुरुवारी प्रुइट न कळवता तीन तास गाडी हाकत तोश्त्यांच्या गोठ्यावर थडकले. कुणाचं काही घ्यायचं नाही, म्हणून सोबत स्वतःचं पाणी, स्वतःचं सँडविच आणि बसायला स्वतःची घडीची खुर्ची!

“या साहेब, या!” गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला अदेलिनो, मुलीचा बाप, धावत आला. “अक्का, गोड पाव काढ गं! साहेब कॉलेजातून आलेत!”

“पाव नको!”

“मग चीज?”

“अजिबात नको!”

“निदान सावलीत तरी बसा.”

प्रुइटनी वर पाहिलं. झाड तोश्त्यांच्या मालकीचं होतं. “मी उन्हातच बरा,” म्हणत त्यांनी खुर्ची उघडली. तेवढ्यात एका वासराने त्यांचं सँडविच कागदासकट खाऊन टाकलं. घरातून तळलेल्या लसणी सॉसेजचा असा वास सुटला, की साहेबांना स्वतःच्या पोटाचाही संशय यायला लागला.

“प्रशिक्षक कुठेत?”

“तुमच्यासमोर उभी आहे,” एप्रन बांधलेली सत्तरीची बाई म्हणाली. ही अदेलिनोची थोरली बहीण, फिलोमेना. “तिकडे आमच्या मूळच्या अझोरेस बेटांवर देवमासे मारायच्या जुन्या होड्यांच्या शर्यती लागतात. मी सुकाणूवर. पोरी वल्ही मारायच्या, मी शिव्या द्यायची. प्रशिक्षण म्हणजे आणखी काय असतं?”

“आणि सराव कुठे?”

“मागच्या कालव्यात.”

“परवानगी आहे?”

“आहे की!” अदेलिनो हसला. “कालव्याच्या राखणदाराला महिन्याला चीजचा एक गोळा पोचतो.”

प्रुइटच्या पेनाने कागद फाटला. “म्हणजे लाच!”

“नाही हो, चीज!”

एवढ्यात नताल्या खांद्यावर होडी घेऊन आली. उंच, उन्हाने रापलेली, घाबरलेली. होडी पाण्यात पडली, आत्याबाईंनी “हं, हल आता, म्हशी!” अशी ललकारी दिली आणि पोरगी सुटली! प्रुइट हातात घड्याळ घेऊन काठावरून धावू लागले. इतका वेग माणसाचा असूच शकत नाही! खाली मोटर असणार, नाहीतर दोरी. ते वाकले. आणखी वाकले. आणि सिमेंटच्या गुळगुळीत उतारावरून, टायसकट, थेट कालव्यात!

पाणी ओढीचं. पुढे पाणी अडवायचा लोखंडी दरवाजा, आणि साहेब बुचासारखे तिकडे निघाले.

“मला हात लावू नका!” ते ओरडले. “मी चौकशी अधि—” पुढचं पाण्याबरोबर पोटात गेलं.

वल्हवणारा उलट्या तोंडाने बसतो, त्यामुळे मागे काय घडलं ते नताल्यालाच आधी दिसलं. तिने होडी वळवली आणि त्यांच्याजवळ आणली.

“होडीच्या शेपटाला धरा, सर!”

“ही मदत समजायची का?” प्रुइटनी विचारलं.

“आधी धरा, मग समजा!”

त्यांनी धरलं. पोरीने प्रवाहाविरुद्ध वल्ही मारली. तिचे दात आवळलेले होते, पण होडी वर सरकत होती. काठावर आत्याबाईंनी साहेबांचं पडलेलं घड्याळ उचललं. “नताल्या, कंबर वापर! आणि साहेब, तुम्ही पाय झाडू नका, वेळ बिघडतेय!”

शिडीपाशी अदेलिनोने त्यांना पोतं ओढावं तसं बाहेर ओढलं. आत्याबाईंनी घड्याळ पुढे केलं. “एक ओला अधिकारी बांधून ही वेळ आहे. लिहून घ्या.”

अर्ध्या तासाने प्रुइट अदेलिनोची पँट घालून स्वयंपाकघरात बसले होते, तोश्त्यांच्याच मालकीच्या खुर्चीवर, आणि सूप पीत होते. दुसरी वाटी त्यांनी स्वतःहून मागितली.

“सर,” नताल्याने हळूच विचारलं, “मी खोटी वाटले का तुम्हाला?”

“गायीमुळे,” प्रुइट वाटीत बघत म्हणाले.

“आमच्या इथे क्लब नाही ना. फॉर्मवर क्लबचं नाव लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. मग मी तिथे आत्याचंच लिहिलं.”

साहेबांना त्या दिवशी पहिल्यांदा कसला म्हणून वास आला नाही.

शुक्रवारी त्यांनी शेरा लिहिला, ‘उमेदवार खरी. स्वतः अनुभवलं.’ आणि सही करताना हात थांबला. त्यांनीच केलेला नियम होता : उमेदवाराकडून अधिकाऱ्याला काही लाभ झाला, तर तो जाहीर करायचा, आणि फाइल वर्षभर गोठवायची. इथे तर जीवच मिळाला होता! जाहीर करावं तर पोरीचं वर्ष जातं. लपवावं तर ते स्वतःच चोर! ते गोठ्यातल्या वासरासारखे बेव्हर्लीबाईंच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले. बेव्हर्लीबाई म्हणजे तीस वर्षं त्या विभागाच्या कारकून.

“त्यात काय एवढं?” बेव्हर्लीबाई म्हणाल्या. “लाभ पंचवीस डॉलरच्या आत असेल तर कॉलेजच्या जुन्या नियमाने नुसती नोंद करायची. फाइल गोठत नाही. वस्तू आणि किंमत लिहा.”

प्रुइट घाम पुसत लिहायला बसले. सूप, दोन वाट्या : सहा डॉलर. पँट, वापरलेली : चार. मग बराच वेळ छताकडे पाहून, हार्लन प्रुइट यांचा जीव : चौदा. एकूण चोवीस.

बेव्हर्लीबाईंनी चष्मा सावरून यादी वाचली, साहेबांकडे एकदा खालून वरपर्यंत पाहिलं आणि शिक्का उचलला.

“शेवटची किंमत जरा चढीच लावलीत,” त्या म्हणाल्या, “पण चालेल!”