मेश्राम सरांना पाहायला या

सृष्टीत निवडीचा अधिकार मादीचा असतो. नराच्या हाती एवढंच असतं, की आपण नीट दिसू अशा जागी उभं राहावं आणि वाट पाहावी.

हे वाक्य एखाद्या जाड ग्रंथाच्या पहिल्या पानावर शोभलं असतं. मी ते ऐकलं लाखनीत, मेश्राम सरांच्या दारात, आणि सरांनी ते उच्चारलं होतं आंधळगावला मुलगी पाहायला जायचं टाळण्यासाठी. बाहेर जीप उभी होती. सरांची थोरली बहीण शेवंताबाई नवं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसलीही होती.

"काहून रे देवा, पोरगी पाह्यले तू जाशील का पोरगी येईल?"

"पोरगी येईल," सर म्हणाले. "निसर्गात नर पाहायला जात नाही, बाई. ज्यांना मला पाहायचं असेल त्यांनी यावं. चहा मी करीन, पोहे मी करीन, ट्रे घेऊन मी येईन. चालून दाखव म्हणाले तर चालूनही दाखवीन."

"आन् गानं म्हन म्हनले तं?"

"म्हणीन."

शेवंताबाई खाली उतरल्या. त्या वेळी सर सदतीस वर्षांचे होते. पुढची अकरा वर्षं त्यांना पाहायला कोणी आलं नाही.

आम्ही एकाच कॉलेजात शिकवतो. मी इतिहास, ते प्राणिशास्त्र. म्हणजे मी मेलेल्यांची लग्नं सांगतो आणि ते जिवंतांची. त्यांचा विषय बया, ज्याला सगळे सुगरण म्हणतात ते पाखरू. गावाबाहेर शेताच्या पाण्यासाठी बांधलेली एक बोडी आहे, तिच्या काठी शिंदीची झाडं आहेत, आणि पावसाळाभर सर तिथे पहाटे स्टूल टाकून बसतात. खोपा विणतो तो नर, हे ते भेटेल त्याला सांगतात. काम नवऱ्याचं आणि नाव बायकोचं, ही पद्धत आमच्या ग्रामपंचायतींच्या फार आधी पाखरांनी सुरू केली असं त्यावरून मला कळलं.

नर खोपा अर्धाच विणतो. मग त्याला लटकून पंख फडफडवतो. मादी येते, आत डोकं घालते, एखादी काडी ओढून पाहते. पसंत पडलं तर उरलेला अर्धा खोपा होतो. नाही तर नर दुसरा सुरू करतो. मादी नेमकं काय पाहून हो म्हणते, या एका प्रश्नावर सरांची वीस वर्षं गेली.

"त्या पाखराच्या तं दोन-दोन, तीन-तीन बायका राहतेत म्हने," शेवंताबाई एकदा मला म्हणाल्या. "आन् हा त्याचा मास्तर. पाहा."

सरांचं आवडतं वाक्य, "नमुना लहान आहे." कँटीनचा चहा पाणचट निघाला, तरी ते एका कपावरून मत देत नाहीत. नवे प्राचार्य कसे वाटतात, असं विचारलं तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. प्राचार्यांना ते कौतुक वाटलं.

याच प्राचार्यांनी एका सत्कारात सरांची ओळख "जोडीदार-निवड या विषयातले तज्ज्ञ" अशी करून दिली. पाखरांचा उल्लेख राहून गेला. दुसऱ्याच आठवड्यात लाखनीतले एक धान-व्यापारी सरांकडे आले आणि मुलीसाठी मुलगा पाहायला चला म्हणाले. सरांना वाटलं, आपल्याला जेवायला बोलावलंय. ते गेले. मुलगा पांढऱ्या मोटारीतून उतरला, त्याच्या पगाराचं आणि घराण्याचं वर्णन तासभर झालं. शेवटी व्यापाऱ्यांनी आदरानं मत विचारलं.

"मोटार त्याची नाही," सर म्हणाले. "मिठाईचा डबा काढायला गेला तेव्हा त्याला डिकी उघडता येत नव्हती."

मोटार काकाची निघाली. सोयरीक मोडली आणि सरांची कीर्ती पसरली. वर्षभर त्यांना आमंत्रणं येत होती. दुसऱ्यांचे नर तपासून देणाऱ्या या माणसाला मात्र पाहायला कोणी येईना.

मग गेल्या भादव्यात एक बाई आल्या. सुजाता गजभिये, परिचारिका, वय बेचाळीस. अट त्यांनी शेवंताबाईंकडूनच ऐकली होती. "बरं आहे ना जी, मले उगाच नटा नाही लागत," एवढंच म्हणून त्या रविवारी स्कूटीवर एकट्या आल्या.

सरांनी आधी दोन दिवस पोहे करून पाहिले होते. दोन्ही दिवस ते मी खाल्ले. अंगात नवा पिवळा शर्ट होता. बयाचा नर हंगामात पिवळा होतो, हे मला ठाऊक होतं.

सुजाताबाई खुर्चीवर बसल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ट्रे येईना. शेवंताबाईंनी मला डोळ्यांनी आत पिटाळलं.

सर ओट्यापाशी ट्रे धरून उभे होते.

"सर, पोहे निवतील."

"मी वहीत लिहितो ना हो," ते हळूच म्हणाले. "नर क्रमांक सात, नाकारला. नर क्रमांक अकरा, नाकारला. लिहायला दोन सेकंद लागतात. पुढे त्या अकरा नंबरचं काय झालं, ते वीस वर्षांत एकदाही लिहिलं नाही मी."

मी दार उघडून धरलं.

बाहेर सुजाताबाई भिंतीकडे पाहत होत्या. तिथे खिळ्यांना ओळीनं तीसेक खोपे टांगलेले होते.

"हे समदे अर्धेच काहून जी?"

"नाकारलेले आहेत," सर म्हणाले. "हंगाम संपला की खाली पडतात. कोणी उचलत नाही."

सुजाताबाईंनी एक खोपा खिळ्यावरून काढून हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि पुन्हा होता तसा लावला. मग पोहे खाल्ले. प्रश्न विचारला नाही, चालायला सांगितलं नाही, गाणंही नाही. "घर पाहू का?" म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता उठल्या. स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला. मागचं दार उघडून बराच वेळ उताराकडे पाहत राहिल्या. सर चार पावलं मागे, हात बांधून. जाताना म्हणाल्या, "आठ दिवसांत सांगीन."

त्या आठ दिवसांत सर बोडीवर गेले नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा वहीत कोरी पानं राहिली. कॉलेजात ते तास घ्यायचे आणि मोबाइल टेबलावर उताणा ठेवून त्याच्याकडे पाहायचे. सहाव्या दिवशी मी म्हटलं, "येईल फोन."

"निष्कर्ष काढू नका," ते म्हणाले. तसं ते नेहमीच म्हणतात, पण या वेळी आवाज विनंतीचा होता.

आठव्या दिवशी संध्याकाळी फोन आला, तोही शेवंताबाईंना. सुजाताबाईंनी 'हाव' म्हणून होकार दिला होता. सर ते ऐकून मागच्या अंगणात गेले आणि अर्धा तास आत आले नाहीत. शेवंताबाईंनी त्यांना हाक मारली नाही आणि मलाही मारू दिली नाही.

विहारात साधं लग्न झालं. महिन्याभरानं त्यांनी मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर सरांनी घसा साफ केला आणि बायकोला विचारलं, की त्या दिवशी नेमकं काय पाहून होकार दिला. नवरा म्हणून नाही, अभ्यासक म्हणून विचारतोय, असंही सांगितलं. त्यांची एक नजर भिंतीवरच्या खोप्यांकडे गेली. मलाही तेच उत्तर अपेक्षित होतं.

सुजाताबाई ताटं उचलत होत्या.

"आमचं गाव गोसीखुर्द धरनाच्या पान्यात गेलं ना जी," त्या म्हणाल्या. "तुमचं घर टेकाडावर हाये."

सरांनी आपलं ताट त्यांच्या हाती दिलं. मग म्हणाले, "आणि मी?"

"तुमी त्याच घरात राह्यता ना जी."