लखमोजी आबदार यांनी तीन राज्यांत चाकरी केली त्याची हकीकत

श्रीवरुणराज सुप्रसन्न असोत, लिहिणाऱ्याचा हात आणि ऐकणाऱ्याचा कान शांत राहोत. शके सतराशे तीन, प्लवनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी एका थोर राज्यात लखमोजी आबदार होते. महाराजांचे पिण्याचे पाणी थंड राखणे ही त्यांची तीस वर्षांची चाकरी, दरमहा बारा रुपये. मग उत्तरेचा एक व्यापारी भुशात गुंडाळून बर्फाच्या शिळा घेऊन आला, आणि महाराजांनी एक खडा तोंडात घातला आणि "वाहवा" म्हणाले, आणि त्या एका शब्दासरशी आबदारखाना बरखास्त जाहला. लखमोजींस शेला-श्रीफळ देऊन निरोप दिला. सबब ते आणि त्यांचे कुटुंब गोजराबाई गाठोडे बांधून दक्षिणेच्या राज्यास गेले. तेथील कारभारी पुसते जाहले, "धन्याने का काढले? पाणी नासवलेत काय?" लखमोजींनी बर्फाची कथा सांगितली, ती कोणास खरी वाटेना. त्या राज्याचा रिवाज असा की, नवा आला तो शेवटास उभा राहील, मग मिशा पांढऱ्या असोत की फुटावयाच्या असोत. मिळाले सहा रुपये आणि विहिरीवर घागरी ओढणे. मग गोजराबाई परघरची दळणे घेऊ लागल्या. दोन वर्षांत सहाचे सात जाहले आणि बाईंच्या खांद्याने जवाब दिला. "अहो, तुमचे पुन्हा बारा होईतो मी जात्याच्या खुंट्याएवढी उरेन," असे बाई बोलल्या. लखमोजींस अन्न गोड लागेना.

मग उभयतां पश्चिमेच्या खाडीकाठच्या राज्यात आले. तेथील रिवाज निराळा. ज्याची चाकरी गेली त्यास सरकारातून सहा मास शिधा, आणि त्याने पंचांपुढे बसून नवे काम शिकावे; टाळाटाळ करील त्याचा शिधा बंद. तरी बाईंनी हट्टाने एका सोनारणीचे दळण धरलेच. पंचांत मुख्य बायजाबाई, गलबतांच्या मालकीण. त्या पुसत्या जाहल्या, "काय येते?" लखमोजी सांगू लागले की महाराजांस प्रातःकाळी वाळ्याचे पाणी लागते, आणि जेवणानंतर मोगऱ्याचे, आणि राग आला असता अंमळ अधिक गार. बोलता बोलता दुपार जाहली.

बायजाबाई हसून बोलल्या, "आबा, तो धनी तिकडेच राहिला. त्याची जीभ आमच्या काय कामाची? तुमचे हात काय जाणतात ते सांगा." तीस वर्षांत हे कोणी पुसले नव्हते. मग लखमोजी हळूच बोलले, "ओले फडके कोणत्या वाऱ्यास किती वेळ धरावे, इतके जाणतात."

"मग विड्याची पाने गलबतात पंधरा दिवस हिरवी राखाल?"

"पाहतो, बाई."

मग त्यांस पानांचे करंडे बांधणे शिकविले. पहिल्या खेपेस निम्मी पाने कुजली आणि गलबताचा तांडेल बोलला, "आबा, ही पाने आहेत, महाराज नव्हेत. इतके पाणी पाजू नका!" आणि दुसऱ्या खेपेस करंडा उघडला तो पाने नुकती खुडल्यासारखी. मग अकरा रुपये दरमहा ठरला. लखमोजी घरी येऊन बोलले, "एक रुपया कमीच पडला हो."

"पडू द्या," बाई पदर खोचून उठल्या. "आत्ता जाऊन सोनारणीस सांगते, बाई गं, तुझे दळण तूच दळ."

सारांश, चाकरी कोणत्याही राज्यात जाते. माणूस तोच, हात तेच. एके राज्यात बाराचे सहा जाहले, एके राज्यात अकरा. लखमोजी अकरांत सुखी राहिले. इति.