वडक्यांचा मशिन्सचा पेपर

आमच्या शेजारचे वडके वर्षातून दोनदा स्वतःच्या घरात परीक्षेला बसत. त्या दिवशी त्यांच्या दारावर पाटी लागे : 'आत परीक्षा चालू आहे. बेल वाजवू नये. वाजवली तरी दार उघडणार नाही. दूधवाल्याने पिशवी कडीला अडकवून निमूट जावे.' कसबा पेठेत पाटीचं कोणाला काही वाटत नाही. परीक्षा कोण देतंय, हे मात्र नव्या माणसाला समजावून सांगावं लागे. कारण आत बसलेला विद्यार्थी पन्नाशी ओलांडलेला होता, आणि त्याला नेमून दिलेलं कॉलेज मेलबर्नला होतं.

जेवणाच्या टेबलावरचं लोणचं, तुपाचं भांडं वगैरे हलवून वडके तिथे बसत. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवत. पर्यवेक्षक म्हणून वहिनींची नेमणूक होती. परीक्षार्थीचे खिसे तपासायला मात्र त्यांनी पहिल्याच वर्षी साफ नकार दिला. "लग्न झाल्यापासून धुण्याच्या आधी तपासतेच आहे, त्यात कधी काही सापडलं नाही," असं त्या म्हणाल्या. वहिनी पोळ्या लाटायला बसल्या की हमखास बाहेरून हाक येई, "पुरवणी!" मग त्या पिठाचे हात पुसून पुरवणी आणि ती बांधायला दोरा नेऊन देत. दोरा पांढराच लागे. एकदा घरात फक्त गजऱ्याचा पिवळा दोरा निघाला, तर वडक्यांनी पेपर दुसऱ्या दिवसावर ढकलला.

आता हे सगळं कशासाठी, तेही सांगतो. वडक्यांचा एकुलता एक मुलगा निखिल तेव्हा ऑस्ट्रेलियात शिकत होता. त्या काळात पेठेतली निम्मी पोरं कॉम्प्युटरच्या मागे होती आणि उरलेली त्यांच्या मागे. निखिलने भलतंच काढलं. एकाच वेळी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि कॉमर्स, अशी जोडपदवी. पाच वर्षांत दोन्ही पदव्या हातात. आमच्या सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "म्हणजे दिवा लावणार आणि त्याचं बिलही स्वतःच काढणार. छान!"

वडक्यांना मात्र ते फार पटलं होतं. त्यांचं घराणं तांबटांचं. वडील तांब्याचे हंडे ठोकत. वडक्यांनी हातोडा सोडला आणि पिंपरीच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगला लागले. "वडील तांबं ठोकायचे, मी तांबं गुंडाळलं," असं ते सांगत. पुढे परदेशी माल आला, कारखान्याने माणसं कमी केली आणि वडके ठरलेल्या वयाच्या बरेच आधी घरी बसले. त्याच सुमारास निखिल गेला. वडक्यांनी महिनाभर घरातले सगळे स्विच बदलले, मग शेजाऱ्यांचे बदलले आणि शेवटी अप्पा बळवंत चौकातून बारावीपासून पुढची कॉमर्सची पुस्तकं घेऊन आले.

मी एका कॉलेजात अकाउंट्स शिकवत असे. हे दारावरच्या पाटीत लिहिण्याची चूक मी केली होती. एका सकाळी वडके पुस्तक काखेत मारून आले आणि म्हणाले, "सर, आपण माझे बाह्य परीक्षक." ती विनंती नव्हती. नेमणूक होती. कॉमर्सचे पेपर मी काढायचे आणि तपासायचे. इलेक्ट्रिकलचे ते स्वतः काढत, स्वतः तपासत, आणि आकृती जरा वाकडी दिसली तर स्वतःचेच गुण कापत. तरीही त्यात त्यांना नव्वदच्या खाली कधी गुण पडले नाहीत. निकाल जिन्याखालच्या फळ्यावर लागे, पाणीपट्टीच्या सूचनेशेजारी.

कॉमर्स त्यांनी वायरमनच्या डोक्याने घेतलं. डेबिट म्हणजे फेज, क्रेडिट म्हणजे न्यूट्रल. ताळेबंद जुळला नाही की म्हणत, "कुठंतरी लीकेज आहे सर. कंटिन्युइटी बघा." हा त्यांचा आवडता शब्द. वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड आहे का, हे दिवा लावून बघायचं, म्हणजे कंटिन्युइटी बघायची. वडके ती सगळीकडे बघत. स्थळ सांगून आलं तर दोन घरांत कंटिन्युइटी आहे का? मंडईतला भाजीवाला काल एक आणि आज दुसराच भाव सांगतो, त्याच्यात कंटिन्युइटी नाही. चेअरमनच्या बोलण्यात तर ती कधीच नव्हती.

फक्त घसाऱ्यावर आमचं जुळलं नाही. मशिनची किंमत वहीत दर वर्षी थोडी थोडी उतरवत न्यायची, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरेना.

"आणि शेवटी?"

"शेवटी शून्य धरायची."

"पण मशिन चालतंय ना?"

"चालत असेल. वहीत शून्य."

वडके लालबुंद झाले. "मी ठेवलेलं मशिन आहे ते! रोज तेलपाणी केलंय. शून्य कसं?" त्या पेपरात त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'निगा उत्तम असल्याने घसारा धरलेला नाही.' मी शून्य गुण दिले. त्यांनी स्वतःला एटीकेटी दिली आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच वाक्य लिहिलं.

एकदा मी त्यांना जरा चिडवलंच. म्हटलं, "वडके, पदवी मुलाला मिळणार. तुम्हाला काय मिळणार?" ते हसले नाहीत. जिन्याच्या कठड्याला टेकून म्हणाले, "फोनवर बोलायला काहीतरी मिळतं, सर. 'जेवलास का', 'थंडी आहे का', झालं. पुढं काय बोलायचं? मी कारखान्यात लागलो ना, तेव्हापासून माझं काम वडिलांना कळेना, त्यांच्या कामात मला गोडी उरली नाही. एका घरात राहून आम्ही पाऊसपाण्यावर बोलायचो. म्हातारा तसाच गेला. निखिलशी माझं तसं व्हायला नको." मला पुढे चिडवणं जमलं नाही.

तर अशी ही शाळा होती. दर रविवारी सकाळी निखिलचा फोन येई. वडक्यांच्या फोनवरून परदेशी लावता येत नसे, त्यामुळे सगळं त्याच्यावर अवलंबून. तो तिकडून आधी पैसे भरून घेतलेलं फोनचं कार्ड वापरून लावी. फोन स्पीकरवर असे. नियम ठरलेला होता : इलेक्ट्रिकलचा एक प्रश्न बापाने विचारायचा, कॉमर्सचा एक मुलाने. मग भांडण. घसाऱ्यावरून मुलगाही माझ्याच बाजूचा निघाला, तेव्हा वडक्यांनी दोन दिवस माझ्याकडचं वर्तमानपत्र वाचायला नेलं नाही. पण रविवारी दुपारी ते इतके खुशीत असत की श्रीखंड नसतानाही घरात सण वाटे.

तिसऱ्या वर्षी काहीतरी बिनसलं. एका रविवारी मी उत्तरपत्रिका परत द्यायला गेलो होतो. वडक्यांनी मोटारीबद्दल काहीतरी विचारलं. प्रश्न मला कळला नाही, पण उत्तर आलं नाही, एवढं कळलं. मग निखिल घाईघाईने म्हणाला, "बाबा, ते आता सगळं सॉफ्टवेअरवर करतात." वडके फोनकडे बघत राहिले. "हो, हो. तसंच असेल आता," असं म्हणून त्यांनी फोन वहिनींकडे दिला.

त्यानंतर फोन आखडत गेले. कधी निखिल लायब्ररीत निघालेला असे, कधी त्याचा घसा बसलेला असे. प्रश्न बंद झाले. 'जेवलास का' परत आलं. वडके रविवारी सकाळी आंघोळ करून फोनशेजारी बसत आणि फोन झाला की दिवसभर गॅलरीत उभे राहत. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "तो काहीतरी लपवतोय आणि हे विचारत नाहीत. विचारलं तर खोटं बोलेल, म्हणतात."

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची मोटार जळली. बाहेरच्या कारागिराने ती हातात घेऊन सांगितलं, "नवीन घ्या." वडक्यांनी ती उचलून घरी नेली, गॅलरीत पोतं पसरलं आणि जळकं तांबं काढून नवीन भरलं. बोटं अशी चालत होती की बघत राहावं. तिसऱ्या दिवशी पाणी वर चढलं. चेअरमनही "चांगलं केलंत" म्हणाले. हे त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

मग परीक्षा झाली आणि जिन्याखाली निकाल लागला. कॉमर्स : उत्तीर्ण, घसारा वगळून. इलेक्ट्रिकल मशिन्स : नापास.

सगळी इमारत फळ्यापुढे जमली. ज्या माणसामुळे आम्ही त्या सकाळी आंघोळी केल्या होत्या, तो मोटारींच्या पेपरात नापास! मी तडक वर गेलो.

"वडके, हा काय प्रकार?"

"पेपर अवघड होता, सर."

"काढला कोणी होता?"

"मीच," ते म्हणाले. "जरा जास्तच अवघड निघाला. या रविवारी चहाला. आपण परीक्षक आहात, साक्षीला असावं कोणीतरी."

रविवारी मी गेलो. वडके इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. चहाचा कप तसाच निवत होता. फोन आला. जेवणखाण, थंडीवारा झाला. मग वडक्यांनी घसा खाकरला.

"निखिल, एक सांगायचं राहिलं. मी मशिन्समध्ये नापास झालो."

 "तुम्ही? बाबा, काहीतरीच काय!"

"अरे, खरंच. सर इथं बसलेत, विचार त्यांना. नाही झेपत आता. म्हणून मी इलेक्ट्रिकल सोडलं. नुसतं कॉमर्स करणार. आधी वाटलं, लोक काय म्हणतील. मग म्हटलं, म्हणू देत. एखादा विषय नाही जमला तर माणूस काय वाया जातो का?"

त्यांचा आवाज अगदी सरळ होता. हात मात्र टेबलाची कड धरून होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या, त्यांच्या डोक्यात तो माझ्या आधी पडला असावा.

 मग निखिल बोलला. बोलला म्हणजे त्याचा आवाज फुटला. "बाबा, मी पण सोडलंय. मागच्या वर्षीच. इलेक्ट्रिकल मला नाही आवडत. तुम्ही इतके... मला तुम्हाला सांगवेना..."

आणि फोन कट झाला.

त्याचं कार्ड संपलं असणार, हे मला समजलं. वडक्यांनाही समजलं. पण दुसरीही एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि ते ताडकन उठले. "त्याला वाटेल मी ठेवला! ऐकलं आणि मी फोन ठेवला, असं वाटेल त्याला!" उघड्या तारांत हात घालताना ज्याची पापणी हलली नव्हती, तो माणूस फोन उचलून हलवायला लागला. परत लावायची सोय नव्हती. "आता काय करायचं? सर, आता काय करायचं हो?"  वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांना कळलासुद्धा नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. खाली पंप सुरू झाला, टाकीत पाणी पडायला लागलं. वडके फोनकडे बघत उभे होते.

घंटा पुरती वाजूही दिली नाही त्यांनी.

"अरे, मी नाही ठेवला! निखिल, मी नाही ठेवला फोन!"

"माहितीये बाबा," तिकडून रडका, हसरा आवाज आला. "दुसरं कार्ड घेऊन आलो."

वडके खाली बसले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला, परीक्षेच्या दिवशी घड्याळ ठेवत तिथेच. डोळे पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता दोघं एकाच वर्गात आलो. ते घसाऱ्याचं एकदा नीट समजावून सांग बाबा मला. हे सर काही पास करत नाहीत."