सतरा नंबर खाली आहे

"आणि शेवटचं," पोळ्यांच्या डब्याचं झाकण दाबत सासूबाई, म्हणजे भानुमतीबाई, म्हणाल्या, "गाडीत 'खाली' हा शब्द तोंडातून काढू नको."

"काहीतरीच काय, आई!" मैत्रेयी म्हणाली.

"काहीतरीच काहून? तो गॅसवाला अजून हसून राहिला."

गॅसवाल्याची गोष्ट खमरियाच्या फॅक्टरी-क्वार्टरांत सगळ्यांना पाठ होती. मैत्रेयी माहेरची पुण्याची. लग्न होऊन जबलपूरला आली त्याच महिन्यात गॅसवाल्यानं रिकामं सिलेंडर मागितलं. तिनं गॅलरीतून सांगितलं, "सिलेंडर खाली है." जिन्याखाली होतं ते सिलेंडर उचलताना बिचाऱ्याच्या पाठीत चमक भरली. "दीदी, ये तो भरा है!" तो खालून ओरडला. तेव्हा एम.कॉम.ला पहिल्या वर्गात आलेली मैत्रेयी वाकून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली होती, "हां भैया, भरा है. पर खाली है."

अडीच वर्षं झाली त्याला. आता तिचं हिंदी बरंच सुधारलं होतं. घाबरली, की तेवढं पुण्याला परत जायचं.

आणि आज ती घाबरलेलीच होती. आजवर ती माहेरी गेली ती विमानानं नाहीतर नवऱ्याबरोबर, अंबरीशबरोबर, मोटारीनं. स्लीपरचा हा पहिलाच प्रवास, तोही दहा महिन्यांच्या अवंतिकाला घेऊन एकटीनं. अंबरीशला फॅक्टरीतून रजा नव्हती आणि धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण काही मार्च संपायची वाट बघणार नव्हतं. त्यानं दोन महिने आधी तिकीट काढलं होतं : एस-पाच, सतरा नंबर, खालचा बर्थ. तो बर्थ म्हणजे तिचा सगळा धीर होता. अवंतिकाला नुकतीच गडबडा लोळायची कला साधली होती. वरच्या बर्थवर तिनं ती दाखवायची ठरवली असती तर? पुढचा विचार मैत्रेयी करतच नसे.

सासूबाईंच्या बाकी सूचना तिनं मोबाईलमध्ये उतरवून घेतल्या होत्या. नाव खरं सांगायचं नाही. कुठं उतरणार ते सांगायचं नाही. कोणाचं काही खायचं नाही. बॅगेला साखळी लावायची. आणि डोळा लागू द्यायचा नाही. 'खाली'ची सूचना तिनं अपमान समजून लिहिली नाही.

दुपारी गाडी सुटली. सीटखालच्या कडीतून साखळी ओवून तिनं बॅगेला कुलूप घातलं, किल्ली मंगळसूत्रात अडकवली आणि डब्याची पाहणी सुरू केली. समोर खालच्या बर्थवर पन्नाशीची एक बाई डोळे मिटून बसली होती. पापण्या मात्र हलत होत्या. बाजूच्या सीटवर एक माणूस आणि त्याची म्हातारी आई अर्धी-अर्धी सीट वाटून बसली होती. तो माणूस सारखा मैत्रेयीच्या बर्थकडे बघत होता. तिच्याकडे नाही, बॅगेकडे नाही, बर्थकडे. माणूस बर्थकडे कशाला बघेल?

तेवढ्यात फोन वाजला. भानुमतीबाई फोनवर बोलायला लागल्या, की मधे फोन आहे हे त्या विसरायच्या.

"मैत्रेयी! बसली का? कोण कोण आहे डब्यात?"

डब्यात सगळं हिंदीच चाललं होतं, त्यामुळे मैत्रेयी निर्धास्त मराठीत पुटपुटली, "समोर एक बाई आहे. डोळे मिटून बसलीय, पण झोपलेली नाही. मला तर सोंगच वाटतंय. आणि बाजूला एक माणूस. त्याचं लक्षण ठीक नाही."

"पाहू दे त्याला! तू पाहू नको. पुणं येईस्तोवर डोळा लागू द्यायचा नाही, समजलं?"

नरसिंहपूरच्या अलीकडे तिकीट तपासायला टीसी आला. शेजाऱ्यांना 'पुणे' दिसू नये म्हणून मैत्रेयीनं ओढणीआडून मोबाईल त्याच्या पुढ्यात धरला. टीसीनं ओढणीआड वाकून वाचलं. "मैडम, टिकट है, प्रेमपत्र नहीं," म्हणून तो पुढे गेला.

बाजूच्या माणसानं पिशवीतून खव्याच्या जिलब्यांचा पुडा काढला. "लीजिए दीदी, अपने जबलपुर की है."

"उपवास है," मैत्रेयी म्हणाली.

"बुधवार का?" म्हातारीनं कौतुकानं विचारलं. "फल तो चलेगा?"

"नहीं अम्माजी. कुछ भी नहीं. पानी भी नहीं."

पाण्याची बाटली तिच्या हातातच होती. ती तिनं हळूच बाजूला ठेवली. डब्यातल्या मेथीच्या पोळ्यांचा वास येत होता आणि त्या खायची सोय आता तिनं स्वतःच घालवली होती.

"नाम क्या है बेटी?"

"ज्योती."

पिपरिया गेलं. तो माणूस खाकरला आणि पुढे सरकला. "मैं दिवाकर. हम गढ़ा में रहते हैं. आप कहाँ तक जाएँगी?"

आला मुद्द्यावर! मैत्रेयीनं अंबरीशच्या तोंडून ऐकलेलं, वाटेतलं एक मोठं स्टेशन आठवलं. "भुसावळ."

दिवाकरचा चेहरा एकदम उजळला. भुसावळचं नाव ऐकून कोणाला एवढा आनंद होतो? तो उत्साहानं काहीतरी बोलला, पण शेजारच्या रुळावरून मालगाडी धडधडत निघाली होती. शेवटचे दोनच शब्द तिला ऐकू आले : "...सीट खाली?"

हात्तिच्या. एवढंच होय! बर्थ वरचा की खालचा, हे विचारत होता.

"हां जी, खाली. एकदम खाली."

"पक्का?"

"कन्फर्म आहे," मैत्रेयी अभिमानानं म्हणाली.

"अम्मा!" दिवाकर आईकडे वळला. "काम हो गया. दीदी की सीट खाली है!" म्हातारीनं सतरा नंबरला हात जोडले. "नर्मदा मैया की किरपा."

खालच्या बर्थचं या लोकांना एवढं कौतुक का, ते मैत्रेयीला कळेना. ती अवंतिकाला आणखी जवळ ओढणार, तोच समोरच्या बाईनं डोळे उघडले आणि खणखणीत मराठीत विचारलं, "भुसावळात कुठं गं?"

मैत्रेयीचा हात पाण्याच्या बाटलीकडे गेला आणि तसाच मागे आला. पाणी पिण्याची सोय नव्हतीच.

"मी पद्मजा. भुसावळचीच, तीस वर्षं झाली. आणि डोळे मिटले होते पण झोपले नव्हते, हे बरोबर ओळखलंस हं. गुडघे ठणकतात म्हणून मिटते. सोंग नव्हे."

"मी... ते... काकू..."

"असू दे. भुसावळात कुठं, ते सांग."

"स्टेशनच्या जवळ."

"कोणत्या बाजूला?"

"पुलाच्या..." एकच शब्द सुचला. "खाली."

"पुलाखाली?" पद्मजाबाईंनी तिला नीट न्याहाळलं. "तिथं तर भाजीबाजार बसतो. बरं, असेल एखादं घर. आमचे हे गाडी घेऊन येणार आहेत, तुला दारात सोडू. लेकरू घेऊन कुठं रिक्षा शोधशील?"

आता मैत्रेयीला सगळं चित्र स्वच्छ दिसलं. ही टोळी होती. एकानं विचारायचं, दुसरीनं डोळे मिटून ऐकायचं, तिसऱ्यानं गाडी घेऊन यायचं. म्हातारी बहुधा म्होरकी. तिनं अंबरीशला मेसेज टाकला : 'चार जणांची टोळी आहे.' रेंज नव्हती. मेसेजवरचं घड्याळ नुसतं फिरत राहिलं.

अंधार पडला. इटारसी गेलं, खंडवा गेलं, मेसेज काही गेला नाही. सगळ्यांनी जेवणं केली. मैत्रेयी पोळ्यांच्या डब्याकडे पाठ करून बसली. नऊच्या सुमाराला म्हातारी गुडघ्यावर हात टेकत आली आणि उशी घेऊन सतरा नंबरच्या कडेला टेकली.

"बैठूँ बेटी? तू उतरेगी तो सीट खाली हो जाएगी, फिर पाँव सीधे करूँगी. दोपहर से एक ही करवट बैठी हूँ."

खाली हो जाएगी. मैत्रेयीच्या डोक्यात जिन्याखालचं सिलेंडर दाणकन आपटलं. खाली म्हणजे खाली नव्हे. खाली म्हणजे रिकामी! आपला बर्थ आपणच दान केला होता, वर 'कन्फर्म' म्हणून शिक्काही मारला होता.

खरं सांगून टाकावं, तर लबाड ठरणार. नाही सांगावं, तर भुसावळला उतरावं लागणार. ती या विचारात असताना दिवाकरनं तिची चादर घडी करून दिली. पद्मजाबाईंनी अवंतिकाला टोपरं बांधलं. दुधाची बाटली, झबली, खुळखुळा असं एकेक पिशवीत गेलं. इतकी माया तर तिच्या लग्नाच्या पाठवणीलासुद्धा कोणी दाखवली नव्हती.

साडेनऊला गाडी भुसावळला थांबली. टक्कल पडलेले, घामेजलेले एक गृहस्थ लगबगीनं डब्यात शिरले. "हे आमचे गुणवंतराव," पद्मजाबाई म्हणाल्या. "अहो, हिचीही बॅग घ्या."

गुणवंतरावांनी बॅग ओढली. बॅग हलेना. दिवाकरनं हात लावला. साखळी खळखळली.

"ताला है! चाबी कहाँ है दीदी?"

किल्ली मंगळसूत्रात होती. मैत्रेयीनं गळ्यावर हात ठेवला. "खो गई."

"खो गई? गाड़ी दस मिनट रुकेगी बस!" दिवाकर घामाघूम झाला. तो सीटखाली शिरला, गुणवंतराव पिशव्या झटकू लागले, म्हातारी नर्मदा मैयाचा धावा करू लागली. वरच्या बर्थवरून कोणीतरी सुचवलं, "तोड़ दो ताला!" दिवाकर खाली उडी मारून फलाटावरून एक दगड घेऊनसुद्धा आला.

"मत तोड़ो!" मैत्रेयी किंचाळली. "मैं खाली नहीं उतरूँगी!"

"अरे खाली क्यों उतारेंगे दीदी!" दिवाकर दगड उगारून म्हणाला. "पूरे सामान के साथ उतारेंगे!"

"तसं नाही हो! खाली नहीं उतरूँगी मतलब... खाली..." अवंतिकानं भोकाड पसरलं. मैत्रेयीचं हिंदी संपलं, आणि खोटंही संपलं. ती पद्मजाबाईंचा हात धरून रडकुंडीला येऊन म्हणाली, "काकू, मला पुण्याला जायचंय हो! माझं भुसावळात कोणी नाही. उपास नाही. किल्लीपण इथं आहे. सासूबाईंनी सांगितलं होतं, कोणाला काही खरं सांगू नको म्हणून."

पद्मजाबाईंनी ते हिंदीत करून सांगितलं, मराठीतल्या 'खाली'च्या अर्थासकट. दिवाकरनं दगड खाली ठेवला. म्हातारी उशी घेऊन सतरा नंबरवरून उठली आणि भिंतीला धरत पुन्हा आपल्या अर्ध्या सीटकडे निघाली. ते मात्र मैत्रेयीला दगडापेक्षा जोरात लागलं.

"अम्माजी, तुम्ही बसा. हम दोनों..." ती म्हणू लागली.

"राहू दे गं," पद्मजाबाई चपला शोधत म्हणाल्या. "मघाशी हात धुवायला गेले तेव्हा टीसीला सांगून आले मी. माझा वीस नंबर अम्माजींना दिलाय त्यानं. सतरा पुण्यापर्यंत आहे, हे त्याच्या यादीत होतंच की."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्या सासूचा आवाज इंजिनाच्या ड्रायव्हरनंसुद्धा ऐकला असेल, मैत्रेयी. म्हटलं, आत्ता खरं सांगेल, मग सांगेल. तू तर किल्लीसुद्धा हरवलीस!" त्यांनी अवंतिकाच्या गालाला हात लावला. "सोंग माझं नव्हतं बाई."

दिवाकरला अजून खात्री वाटत नव्हती. त्यानं वीस नंबरकडे बोट दाखवून विचारलं, "मतलब ये सीट खाली है? खाली... माने?"

पद्मजाबाई दारातून वळल्या. "दोन्ही," म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

गाडी सुटली. म्हातारीनं वीस नंबरवर पाय लांब केले आणि 'आई गं'ला हिंदीत जे काही म्हणतात ते म्हणाली. मैत्रेयीनं पोळ्यांचा डबा उघडला, चार पोळ्या त्या दोघांना दिल्या, दोन स्वतः खाल्ल्या आणि वर चार जिलब्या. अवंतिका बर्थच्या आतल्या कडेला, भिंतीशी गुरफटून झोपली.

तेवढ्यात रेंज आली. अंबरीशला टोळीचा मेसेज पोचला असणार, कारण पाठोपाठ सासूबाईंचाच फोन आला.

"काय गं! टोळी कुठं आहे? कोणी संशयी माणूस दिसून राहिला का डब्यात?"

मैत्रेयीनं तोंडातली जिलबी गिळली. "एकच आहे, आई. बाई आहे. खोटं नाव सांगते, खोटं गाव सांगते. सतरा नंबरवर."

"अगं बाई!" भानुमतीबाई ओरडल्या. वीस नंबरवर म्हातारी दचकून उठून बसली. "सतरा नंबर? लक्ष ठेव हो तिच्यावर!"

"हो आई," मैत्रेयी पांघरूण ओढत म्हणाली. "आजपासून ठेवते."