कूर्मबुवांच्या फोटोला हार

एका जंगलात, बाळांनो, शिंकांची साथ आली. आधी ससे शिंकले, तेव्हा ती अफवा होती. मग वाघोबा शिंकले आणि साथ खरी ठरली.

तिथे कूर्मबुवा नावाचं म्हातारं कासव वैदकी करायचं. औषधाचं पान खुडायचं तर आदल्या दिवशी झाडाला आमंत्रण द्यायचं, ही त्यांची रीत. "उद्या येतो हं न्यायला," असं अडुळशाला सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी मोजकी पानं आणायचे. साथीत अर्धं जंगल त्यांनी असंच तगवलं.

साथ सरली. वाघोबांना वाटलं, ही विद्या पाहुण्यांना दाखवावी. कारभार बगळ्याकडे गेला. तो डोळे मिटून एका पायावर झकास उभा राहायचा, तेवढी पात्रता पुरली. 'आरोग्यवन' उघडलं. परजंगलांतले धडधाकट पाहुणे लोटले. काढा पिऊ लागले, काढ्यात डुंबू लागले, काढ्यासोबत सेल्फी काढू लागले.

एके दिवशी खारुताई रडतच आली. "बुवा, पिल्लू तीन दिवस खोकतंय हो! काहीतरी करा."

बुवा लगबगीने निघाले, म्हणजे कासवाच्या लगबगीने. बघतात तर काय, अडुळशाचा नुसता बुडखा! पिल्लाला आता द्यायचं काय?

ते तडक आरोग्यवनात गेले. "दोनच पानं दे रे बाबा."

"पानं पाहुण्यांसाठी आहेत," बगळा म्हणाला. "पाच दिवसांचं पॅकेज घ्या."

"अरे, ते झुडूप मी लावलंय!"

"म्हणून तर दारात तुमचा फोटो लावलाय."

होता खरा. चांगला मोठा, चंदनाच्या हारासकट. पुढे उदबत्ती, आणि नैवेद्याला टोपलीभर अडुळसा. एक सांबरीणबाई हात जोडून उभ्या होत्या.

"फार थोर होते म्हणे. कधी गेले हो?" त्यांनी बुवांनाच विचारलं.

"एका पिल्लाला औषध द्यायचं राहिलंय," बुवा म्हणाले. "ते झालं की जातील."

मग टोपलीपाशी वाकून त्यांनी हळूच आमंत्रण दिलं. दुसऱ्या दिवशी येऊन दोन पानं उचलली. चार दिवसांत पिल्लू फांद्यांवरून उड्या मारू लागलं.

बगळ्याला पानं कमी दिसली मात्र, त्याने दवंडीच पिटली, "गुरूंनी नैवेद्य स्वीकारला हो!" आरोग्यवनात मुंगीला शिरायला जागा उरली नाही.

तात्पर्य: वैद्याने जिवंतपणी दोन पानं मागत फिरू नये. आधी फोटोला हार घालून घ्यावा, टोपली आपोआप समोर येते.