केरबाच्या मोटारीचा नारळ

एका जंगलात एक सिंह होता. तो झोपलाय, त्याला झोपू द्या. आपली गोष्ट केरबा अस्वलाची आहे.

केरबाच्या दारात एक मोटार होती. जुनी, देखणी, गोल डोळ्यांची. केरबाच्या आज्याच्या काळात एक साहेब शिकारीला आला आणि मोटार टाकून पळाला. साहेब विलायतेला पोचला की वाघाच्या पोटात, ते वाघ काही सांगत नाही. मोटारीला मात्र गंज चढला.

केरबाचं दुखणं वेगळंच होतं. दर भाऊबीजेला तो बायकोला, येसूला, घेऊन पायी सासुरवाडीला जायचा. मेहुणा वेशीवरच दात काढायचा, "या दाजी! मोटार धुवायला टाकली वाटतं?"

यंदा केरबानं ठरवलं. मोटारीतूनच जायचं. मेहुण्याच्या तोंडावर धूळ उडवायची.

"मग लागा की कामाला," येसू म्हणाली. "आधी ती चाकं मोकळी करा. गंजानं पार धरलीत."

"असं कसं? आधी योजना नको का?"

केरबानं तात्या माकडाला बोलावलं. तात्या शहरात राहून आला होता. म्हणजे तिथल्या एका देवळाच्या कळसावर. त्यामुळं त्याला सगळं कळायचं.

तात्यानं मोटारीला एक फेरी मारली. "शुभकार्य आहे, केरबा. नारळ कुठाय?"

नारळ आला. तात्यानं तो बॉनेटवर फोडला. बॉनेटला खड्डा पडला. खोबरं वाटलं गेलं. रंग कोणता द्यायचा, यावर खोबरं संपेपर्यंत चर्चा झाली. लाल ठरला.

दुसऱ्या दिवशी हरीण म्हणालं, "लाल रंगानं गवा बिथरतो हो." मग हिरवा ठरला. आता योजना बदलली म्हटल्यावर नवी सुरुवात आली, आणि नवी सुरुवात म्हटल्यावर नवा नारळ. तो मडगार्डवर फुटला. मडगार्ड गळून पडलं.

"शकुन चांगला आहे," तात्या म्हणाला. "ओझं कमी झालं."

पुढं हॉर्न कुणाच्या आवाजाचा बसवावा, यावर मोर आणि कोल्हा भांडले. त्यात दोन्ही दिवे गेले. जन्मात मोटारीत न बसलेले प्राणी लांबलांबून सल्ला द्यायला येऊ लागले. उपाशी पोटी येत, भरल्या पोटी जात.

येसूला राहवेना. "अहो, तुम्ही तिला नीट करताय का तिचं श्राद्ध घालताय?"

केरबाला लोंबणारं दार दिसत होतं. पण तोंडात खोबरं होतं. बोलणार कसा?

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी योजना पक्की झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्यानं चांगला मोठा, पाणीदार नारळ निवडला, टपावर चढला आणि आपटला.

मोटार खाली बसली. मग आडवी झाली. मग नव्हतीच. तांबडी धूळ उडाली, ती केरबाच्याच तोंडावर. चाकं तेवढी उभी राहिली. ती अजून धरलेलीच होती.

तात्यानं शेपटी झटकली. "योजनेत खोट नव्हती हो. मोटारच कच्ची निघाली."

सकाळी दोघं पायीच निघाली. केरबाचं पाऊल उचलेना. वेशीवर मेहुणा दिसला, तसे केरबानं डोळेच मिटले.

"या दाजी!"

गळ्यात काहीतरी पडलं. केरबानं डोळे उघडले. झेंडूचा हार होता!

"सगळं कानावर आलंय आमच्या," मेहुणा हात जोडून म्हणाला. "नारळांवर नारळ फुटले म्हणे! काय थोरलं काम काढलंत! आणि मोटार कुठंय?"

"काम चालू आहे," केरबा म्हणाला.

"आमच्याही ओढ्यात एक ट्रॅक्टर रुतलाय, दाजी. गंजलाय. तुमच्यासारख्या जाणत्यानं जरा बघितलं तर..."

येसूनं कपाळावर हात मारून घेतला.

केरबानं हार सारखा केला. पोट पुढं काढलं. "बघू की," तो म्हणाला. "घरात नारळ आहे का?"

तात्पर्य : बाळांनो, गंजलेली वस्तू कधी दुरुस्त करू नये. दुरुस्त झाली, तर एकाच घराच्या उपयोगाची. मोडत राहिली, तर साऱ्या जंगलाला खोबरं.