मावशीचे एकशे सतरा जिवलग

देशात इतिहास घडला, की ज्यांच्या भल्यासाठी तो घडला त्यांनाच त्याची पहिली झळ बसते. हॅरो क्रीक गावात ती मावशीला बसली.

त्या उन्हाळ्यात एका मोठ्या पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी काळा माणूस उभा केला. दोनशे वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे यावर काय बोलायचं याची कुणालाच सवय नव्हती. हॅरो क्रीकची गोरी माणसं मुळात सुसंस्कृत. मनात येईल ते तोंडाने बोलून मोकळी होणाऱ्यांतली नव्हेत. (तसा एखादा आहे. पुढे येईल.) म्हणून गावाने आपसूक एक रीत पाडून घेतली. उमेदवाराबद्दल बरंवाईट काहीही बोलायचं झालं तर सुरुवात "माझी एक जिवलग काळी मैत्रीण आहे" अशी करायची. त्याला मत देणाऱ्यांचं एका मैत्रिणीत भागायचं. न देणाऱ्यांना दोन लागायच्या.

इथे पुरवठ्याची अडचण आली. गावची वस्ती दोन हजार नऊशे चौदा. त्यातली अकराशे माणसं काळी, पण ती आगगाडीच्या रुळांपलीकडे राहतात, आणि तिकडे जाऊन ओळख काढायची म्हणजे गाडीच्या काचा खाली कराव्या लागतात. उन्हाळ्यात ते बरं नव्हे. तेव्हा सगळ्यांना घरबसल्या ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं, ते म्हणजे मावशी. चौतीस वर्षं ती काउंटीची कचेरी झाडत-पुसत आली होती, आणि त्याआधी निम्म्या गावाची पोरं तिने न्हाऊमाखू घातली होती. ऑगस्टअखेर तिच्या जिवलगांचा आकडा एकशे सतरावर गेला. (मोजणी मावशीचीच. कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारून केलेली.) जूनमध्ये तो शून्य होता. गावात इतकी भरभराट आजवर कशाचीच झाली नव्हती, गवताचीसुद्धा नाही.

तिला हक्काने मावशी म्हणेल अशी खरी भाची एकच, शाळेची बस चालवणारी व्हर्नेल. व्हर्नेलची आई क्लिओटा डेट्रॉइटला असते. ती दर महिन्याला बहिणीला पत्र टाकते आणि पाकिटावर टपोऱ्या अक्षरांत लिहिते, श्रीमती ऑर्झेला रूथ टॉलिव्हर. 'श्रीमती'खाली ठसठशीत दोन रेघा. "गावात कुणाच्या जिभेला हा शब्द जड होत असेल तर निदान पोस्टमनला तरी वाचू दे," असं क्लिओटाचं म्हणणं. बाकी गाव सरसकट मावशी म्हणतं. गोरं पाच वर्षांचं पोर मावशी म्हणतं, आणि त्याचा पंचाहत्तर वर्षांचा आजोबाही. मावशीचं वय चौऱ्याहत्तर.

तर आमंत्रणं सुरू झाली. मावशी रोज कुणाच्या तरी घरी जेवायला. नेहमी मागच्या दाराने आत जाणारी बाई पुढच्या दाराने गेली, तेव्हा तीन घरांत दिवाणखाना कुठे आहे तेच तिला सापडेना. बसवायचे मधोमध, आणि सगळे एकदम वळून विचारायचे, "मग? तुम्हा लोकांना कसं वाटतंय?" 'तुम्हा लोकांना' म्हणजे देशभरातल्या चार कोटी माणसांना. मावशीने चार कोटींच्या वतीने सांगितलं, की कोंबडी जरा कोरडी झालीय. एका घरी बटाट्याच्या सॅलडमध्ये मनुके निघाले. ते तिने एकेक करून बशीच्या कडेला मांडले. सतरा भरले. त्या घरी पुन्हा गेली नाही.

या सगळ्याला शिस्त हवी म्हणून मिसेस क्लॉडेट प्रुइट यांनी 'मनमोकळ्या संवादाची समिती' काढली. मिसेस प्रुइटना मावशीने अंगाखांद्यावर वाढवलेलं, त्यामुळे एकशे सतरांत त्यांचा मान पहिला. समितीत बारा गोरे सभासद आणि मावशीसाठी एक राखीव खुर्ची, गादीची. बैठका कचेरीच्या मोठ्या खोलीत दर मंगळवारी चारला व्हायच्या. मावशीची पुसायची वेळही चारचीच. त्यामुळे राखीव खुर्ची रिकामीच राहायची आणि मावशीवरची चर्चा ऐन रंगात आली की खोलीत खुद्द मावशी यायची आणि म्हणायची, "पाय वर घ्या." बाराही सभासद पाय वर घ्यायचे. इतिवृत्तात याची नोंद 'स्थानिक काळ्या समाजाशी थेट संवाद' अशी झाली आणि ती रास्तच होती.

सप्टेंबरात मावशीला काउंटीचं पत्र आलं.

मतदारयादी यंदा पहिल्यांदाच संगणकावर चढली होती. संगणकाला प्रत्येकाचं नाव आणि आडनाव लागतं. मावशीच्या नोंदीत त्याला 'नाव: मावशी' एवढंच सापडलं. ही नोंद बेचाळीस वर्षांपूर्वीची. त्या दिवशी मावशी आणि तिचा नवरा रॉस्को नाव नोंदवायला सकाळी सातपासून उभे होते, आणि त्यापायी रॉस्कोची लाकडाच्या गिरणीतली नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. संध्याकाळी टेबलापाशी पोचल्यावर मावशीने आपलं नाव सांगितलं, पूर्ण. तेव्हाच्या हॅचेल कारकुनाने मान वर न करता 'मावशी' लिहिलं आणि म्हणाला, "एवढं पुरे." हातात कार्ड पडतंय हेच खूप होतं. मावशी गप्प बसली. जन्मात ती गप्प बसली ती तेवढीच, आणि ते तिच्या घशात बेचाळीस वर्षं माशाच्या काट्यासारखं अडकून होतं. त्यानंतर तिने एक निवडणूक चुकवली नाही, भटकी कुत्री पकडणाऱ्या अधिकाऱ्याची निवडणूकसुद्धा नाही. पण प्रत्येक मत पडलं ते मावशी नावाने.

आता संगणकाने कळवलं होतं: "प्रिय श्रीमती मावशी, आपल्या नावाची कोणीही व्यक्ती अस्तित्वात नसल्याने आपले नाव वगळण्यात येत आहे."

"श्रीमती म्हटलंय बघ," मावशी व्हर्नेलला म्हणाली. "या काउंटीत मला श्रीमती म्हणणारा पहिला अधिकारी. आणि म्हणतो काय, तर तू नाहीसच."

कचेरीत आता त्या हॅचेलचा नातू ड्वेन बसतो. (ते पद त्या घराण्यात टकलासारखं उतरत आलंय.) मावशी फरशी पुसायला येते त्याच दाराने आत आली, पण डोक्यावर चर्चची जांभळी हॅट घालून, म्हणून तो उठून उभा राहिला.

"मावशी, अगं माझ्या हातात असतं तर..."

"तुझ्याच हातात आहे, ड्वेन. तो शिक्का तू कुठे धरलायस बघ."

"यंत्र ऐकत नाही गं."

"तुझ्या आजोबांकडे यंत्र नव्हतं. तेही ऐकत नव्हते."

जन्माचा दाखला मागितला, तर मावशीचा जन्म घरात, सुइणीच्या हातचा. नोंद चर्चच्या बायबलात, आणि ते चर्च जळलेलं. पगाराच्या पाकिटावर पाहिलं, तर तिथेही 'मावशी'. मग ड्वेनने खणातून परिचय-शपथपत्र क्रमांक अकरा-ब काढलं. अर्जदाराने आपलं नाव लिहून बंद पाकिटात द्यायचं. दहा वर्षांपासून ओळखणाऱ्या दोन मतदारांनी ते स्वतःच्या माहितीने लिहायचं. अक्षरं तंतोतंत जुळली पाहिजेत. अर्जदाराने साक्षीदाराला नाव सांगायचं नाही, आणि साक्षीदार नातेवाईक किंवा एकाच चर्चचा नको. (रुळांपलीकडचं प्रत्येक माणूस मावशीचं नातेवाईक तरी आहे किंवा माउंट झायन चर्चचं तरी. बहुतेक दोन्ही.) असा नियम का, हे विचारू नये. आजोबांच्याही आजोबांनी तो पूर्ण विचारांती केला होता. मुदत ऑक्टोबरातल्या शेवटच्या शुक्रवारची, संध्याकाळी पाच.

"दोनच ना?" मावशी पायऱ्या उतरता उतरता हसली. "एकशे सतरा आहेत माझ्याकडे. निवडून घेईन."

"घे," व्हर्नेल म्हणाली. "वांग्याच्या रोपाला आंबे शोधायला जा."

मावशी पहिली गेली मिसेस प्रुइटकडे.

"अगं मावशी, हे काय सांगणं झालं! आण इकडे." मिसेस प्रुइटनी पेन उघडलं. नावाच्या रकान्यात 'मावशी' लिहिलं. थांबल्या. खोडलं. छताकडे बघितलं. मग झरझर 'लुसिल' लिहिलं आणि आडनावात 'प्रुइट'.

"मिस क्लॉडेट, हे आडनाव तुमचं आहे."

"मग? तू आमच्या घरातलीच नाहीस का?" मिसेस प्रुइटच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

(लुसिल ही त्यांची स्वयंपाकीण. वारून तीस वर्षं होत आली.)

पण प्रुइट बाई खचणाऱ्या नव्हेत. एक साक्षीदार चुकत असेल तर पुष्कळ आणावेत, हे लोकशाहीचं तत्त्वच आहे. शेवटच्या शुक्रवारी समितीने सगळेच्या सगळे एकशे सतरा जिवलग कचेरीत उभे केले. रांग जिन्यावरून खाली गेली. कुणी घरून बिस्किटं आणली होती. एका काळ्या बाईच्या मतासाठी इतकी गोरी माणसं रांगेत उभी राहिल्याचं गावाच्या इतिहासात दुसरं उदाहरण नाही, आणि वार्ताहराने तसा फोटोही काढला. मावशी जांभळी हॅट घालून बाकावर बसली होती. फोटोत ती आली नाही.

निकाल पुढीलप्रमाणे. 'मावशी' लिहिणारे चौऱ्याहत्तर. रकाना कोरा ठेवून बदाम काढणारे एकोणीस. 'लुसिल' लिहिणारे अकरा (मिसेस प्रुइट, आणि त्यांच्या मागे उभे असलेले दहा). भलत्याच काळ्या बायकांची नावं लिहिणारे आठ, त्यांतल्या दोघी टीव्हीवरच्या. उमेदवाराच्या बायकोचं नाव लिहिणारे चार. आणि एकाने लिहिलं, 'तिलाच विचारा'. हे उत्तर खरं तर सगळ्यांत जवळचं होतं, पण नियमात बसेना.

साडेचार झाले. मावशीने पर्स मांडीवर घट्ट धरली. व्हर्नेलने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघींना जड गेलं असतं.

तेवढ्यात कचेरीची डाक घेऊन पोस्टमन हार्लन स्टकी आला. हा माणूस मनातलं बोलणारा. गर्दी कसली ते विचारलं, ऐकलं, आणि थैली खाली ठेवली.

"मी आधीच सांगतो. माझं मत तुमच्या त्या माणसाला नाही."

"तुम्हाला विचारलं कुणी?" मावशी म्हणाली.

"कुणी नाही. कागद आणा." त्याने उभ्याउभ्याच लिहिलं. "एकवीस वर्षं त्या दोन रेघा बघतोय मी." लिहून झाल्यावर त्याने 'श्रीमती'खाली दोन रेघाही ओढल्या. ड्वेनने पाकिटातला कागद पडताळून पाहिला.

"जुळतंय. पण हे 'श्रीमती' जास्तीचं आहे, ते खोडावं ला..."

"खोडून बघ," मावशी म्हणाली.

ड्वेनने खोडलं नाही.

"दुसरा कोण?" व्हर्नेलने विचारलं. स्टकी थैली उचलत म्हणाला, "समोर थडगी कोरतो तो नॉक्स. पण तो तुमच्याशी बोलत नाही ना?"

विल्बर नॉक्स अठरा वर्षं मावशीशी बोलत नव्हता. रॉस्कोच्या थडग्याचा दगड त्यानेच कोरलेला, शेजारी मावशीचं नावही, फक्त तारखेची जागा सोडून. त्यात त्याच्याकडून एक अक्षर चुकलं. मावशीने तो अख्खा दगड चार पुतण्यांकरवी उचलून त्याच्या दारात आणून टाकला आणि म्हणाली, "मेल्यावर तरी माझं नाव मला नीट पाहिजे." व्हर्नेल धावत गेली. नॉक्स आला तो हातांना दगडाची पूड तशीच घेऊन. कुणाकडे न बघता त्याने कागदावर एकेक अक्षर सारख्या अंतरावर, जणू छिन्नीने, उतरवलं आणि तो मावशीपुढे धरला.

"बघून घ्या. नंतर परत आणून टाकाल."

मावशीने चष्मा लावला. अक्षर अन् अक्षर बघितलं. घड्याळात चार सत्तावन्न झाले होते आणि एकशे सतरा जिवलग श्वास रोखून उभे होते.

"बरोबर आहे," मावशी म्हणाली.

"अठरा वर्षं लागली म्हणायला," नॉक्स म्हणाला आणि निघून गेला. ड्वेनने शिक्का मारला. समितीने टाळ्या वाजवल्या, मिसेस प्रुइटनी सगळ्यांच्या वतीने अभिनंदन स्वीकारलं, आणि केक कापला. केकवर लिहिलं होतं, 'अभिनंदन, मावशी!'

नोव्हेंबरात मतदान झालं. हॅरो क्रीकचा रिवाज असा, की मतदार टेबलापाशी आला की अधिकाऱ्याने त्याचं पूर्ण नाव मोठ्याने पुकारायचं, कुणाची हरकत असेल तर घ्यावी म्हणून. ड्वेनने यादीवर बोट ठेवलं, घसा साफ केला आणि पुकारलं. 'श्रीमती'सकट, सगळे शब्द, सभागृहाच्या पार शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल असं. मावशी क्षणभर तशीच उभी राहिली. बेचाळीस वर्षांचा काटा खाली उतरायला तेवढा वेळ लागतोच.

रांगेत मिसेस प्रुइटनी शेजारणीला कोपराने ढोसलं. "ही कोण गं बाई? आपल्या गावातली?"

"नवीन राहायला आली असेल."

मग त्यांना जांभळी हॅट दिसली. "अय्या, मावशी! तुझा नंबर आला की सांग हं, आपण फोटो काढू."

"आला की, मिस क्लॉडेट," मावशी म्हणाली. "केव्हाचाच आला होता." आणि पडद्याआड गेली.

निवडणुकीनंतर कॅलेंडरच्या पाठीवरच्या रेघा वाढायच्या थांबल्या. समितीची गादीची खुर्ची आता ड्वेन वापरतो, त्याची कंबर धरते. नॉक्स मावशीला रस्त्यात भेटला की मान हलवतो. गावाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. नावं ठेवायला सगळेच पुढे असतात, लक्षात ठेवायची वेळ आली की रांग जिन्यावरून खाली जाते.

तुम्हीही इथवर ड्वेनला हसत आलात, मिसेस प्रुइटना नावं ठेवत आलात. छान केलंत. मावशीचं नाव या कथेत एकदा आलेलं आहे, पूर्ण, खाली दोन रेघांसकट. आता मागे न बघता सांगा.

('मावशी' चालणार नाही.)